चव्वेचाळीस सेकंदांचं मिनिट

धरमपेठेतल्या त्या दुकानासमोर नागसेन गजभिये थांबले ते गाणं ऐकून नव्हे, चकती पाहून. चष्म्याची तुटलेली काडी बसवून घ्यायला ते तिकडे गेले होते. शेजारच्या दुकानाच्या काचेआड एक लहानशी काळी तबकडी फिरत होती आणि तिच्यावर कोणीतरी कागदाचा पांढरा ठिपका चिकटवला होता. ठिपका समोर आला की नागसेन मनात आकडा धरत. बरंच मोजून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की आपण फुटपाथच्या मधोमध उभे आहोत आणि मागून एक बाई "भाऊ, जरा सरका ना" म्हणून दोनदा सांगून चुकली आहे.

मोजण्याची सवय हाडात मुरलेली होती. चौतीस वर्षं त्यांनी वीज मंडळाच्या मीटर तपासायच्या लॅबमध्ये काढली. घराघरांतून काढून आणलेले मीटर टेबलावर ओळीनं मांडायचे, ठरलेला भार द्यायचा आणि आतली ॲल्युमिनियमची चकती फिरायला लागली, की तिच्या कडेवरची लाल खूण किती वेळा येते ते स्टॉपवॉच हातात धरून मोजायचं. मीटर जोरात पळतो की रेंगाळतो, एवढाच प्रश्न. पुढे नवे मीटर आले. त्यांत चकतीच नव्हती, एक दिवा लुकलुकायचा. नागसेन तेही काम मन लावून करत, पण दिव्याकडे पाहत बसावंसं कधी वाटलं नाही. त्यांना निवृत्त होऊन आठ महिने झाले होते.

"काका, आत या ना. बाहेरून काय पाहून राहिले?" दुकानाचा मालक प्रशिक दारात येऊन म्हणाला. दाढी राखलेला, पस्तिशीतला माणूस होता.

नागसेन आत गेले. सुई कशी बसते, खाचेत आवाज कसा असतो, तो तारेतून कसा जातो, हे सगळं त्यांनी विचारलं. प्रशिकनंही कंटाळा न करता सांगितलं. खाच म्हणजे आवाजाचाच आकार, सुई त्यातून चालताना थरथरते, त्या थरथरण्याची वीज होते. "थरथरण्याची वीज," नागसेन स्वतःशी म्हणाले. साठीला टेकलेल्या माणसाला आपल्याच खात्यातली एक गोष्ट माहीत नव्हती, याची त्यांना गंमत वाटली. तासाभरानं ते दुकानातून निघाले तेव्हा चष्मा शर्टाच्या खिशात होता, काडी तशीच तुटलेली, आणि काखेत टर्नटेबलचा खोका.

"हे कायले आणलं?" नंदनवनातल्या घरी पोचल्यावर शोभाताईंनी विचारलं. "गाणं तर तुम्ही जन्मात गुणगुणलं नाही."

"ते फिरते कसं, ते पाहाचं आहे."

शोभाताईंनी खोक्याकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं आणि त्या आत गेल्या. त्या नागसेनपेक्षा सव्वा वर्षानं मोठ्या. एका सरकारी कार्यालयातून लघुलेखक म्हणून त्यांच्या आधी निवृत्त झालेल्या. निवृत्तीनंतर त्यांनी नव्या वस्तूंवर फार जीव लावायचा नाही असं ठरवून टाकलं होतं.

शनिवारचा अख्खा दिवस नागसेननी मांडामांड केली. हॉलमध्ये त्यांचा जुना स्टिरिओ होताच. एक जडशीळ ॲम्प्लिफायर, रेडिओ-कॅसेटचा डेक आणि गुडघ्याएवढे दोन लाकडी स्पीकर. मुलगी मिनल शाळेत जाऊ लागली त्या वर्षी घेतलेला. आता त्यावर फक्त सकाळच्या बातम्या लागत. टर्नटेबलसाठी त्यांनी स्पीकरपासून दूर, भिंतीजवळच्या शोकेसची जागा ठरवली. समतल तपासायची लेव्हल लावून पाहिली तर बुडबुडा डावीकडे पळाला. शोकेसच्या एका पायाखाली लग्नपत्रिकेचा तुकडा घातला, मग अर्धा काढला. बुडबुडा मधोमध येऊन थांबला तेव्हा सकाळचे दहा वाजून गेले होते.

नंतर मोटरच्या चाकावरून रबराचा पातळ पट्टा चढवायचा होता. तो तीनदा निसटला, चौथ्यांदा बसला. मग आली सुईची दांडी. तिच्या मागच्या टोकाला एक गोल वजन होतं. ते फिरवून पुढेमागे करायचं, दांडी तराजूच्या काट्यासारखी आडवी तरंगायला लागली की थांबायचं, आणि मग ठरलेल्या आकड्यापर्यंत पुन्हा फिरवायचं, म्हणजे सुईचा भार तबकडीवर दोन ग्रॅमच्या आसपास पडतो. नागसेन श्वास रोखून वजन फिरवत होते. एका क्षणी दांडी खरंच तरंगली. वर नाही, खाली नाही.

"शोभा! लवकर ये वं, पहा!"

शोभाताई पदराला हात पुसत आल्या. दांडी हवेत होती, कशालाच टेकलेली नव्हती.

"छान आहे," त्या म्हणाल्या. मनापासून म्हणाल्या. मग विचारलं, "आता याच्यावर ऐकणार काय?"

नागसेननी रिकाम्या खोक्यात पाहिलं. घरात एकही रेकॉर्ड नव्हती. कधीच नव्हती. हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं.

शोभाताई तोंडाला पदर लावून हसत स्वयंपाकघरात गेल्या. नागसेन मात्र चपला घालून सरळ चौकातल्या रुपरावांच्या रद्दीच्या दुकानात पोचले. रुपराव रेकॉर्डला तवा म्हणत.

"तवे होते ना गा भाऊ, गठ्ठाच होता. परवा एक जण सगळे घेऊन गेला. हा एक राहिला. याच्यावर नावच नाही, म्हणून त्यानं सोडला."

मोठी, ताटाएवढी तबकडी होती. मधल्या गोल कागदाला कसर लागून त्याची जाळी झाली होती. एक अक्षर वाचता येत नव्हतं. पाकीटही कोरं, खाकी. कोणाचं गाणं आहे, कोणत्या भाषेतलं, काहीच कळायला मार्ग नाही. नागसेनना ती फारच आवडली. नाव लिहिलेली मिळाली असती तर इतकी आवडली नसती.

रविवारी जेवणं आटोपल्यावर त्यांनी तबकडी ओल्या मऊ फडक्यानं पुसली, वाळवली, चढवली. शोभाताई दाराजवळ खाली बसून तुरीच्या शेंगा सोलत होत्या, संध्याकाळी त्या ओल्या दाण्यांचा सोलेभात करायचा होता. वेगाच्या खटक्याला नागसेननी हात लावला नव्हता. दुकानात प्रशिकनं तो जिथं ठेवला होता तिथंच होता आणि दुकानात तर सगळं नीट वाजलं होतं. त्यांनी सुई सोडली.

स्पीकरमधून काहीच आलं नाही. आवाज पूर्ण वाढवल्यावर लांब कुठेतरी डास गुणगुणावा तसं काहीतरी ऐकू आलं. नागसेननी ॲम्प्लिफायर बंद केला, खाली वाकले आणि कान सुईजवळ नेला. त्यांचे डोळे मोठे झाले. ॲम्प्लिफायर नाही, स्पीकर नाही, आणि सुई स्वतःच बोलत होती. बारीक, मुंगीएवढ्या आवाजात.

"शोभा, सुई बोलून राहिली!"

"काय म्हणते?"

"गाणं नाही. कोणीतरी बोलून राहिलं. काय ते समजत नाही."

आता मात्र त्यांना चैन पडेना. प्रशिकला फोन लावला. त्यानं शांतपणे विचारलं, "काका, मागच्या बाजूला एक छोटंसं बटन आहे, ते पाहिलं का? तुमच्या ॲम्प्लिफायरमध्ये रेकॉर्डची वेगळी सोय नसंल तर ते दुसऱ्या बाजूले सरकवा लागते. सुईचा आवाज लहान असते, तो आधी आतल्या आत वाढवा लागते."

बटन होतं. तांदळाच्या दाण्याएवढं. माहितीपत्रकात लिहिलेलंही होतं, पण एका काडीच्या चष्म्यानं तेवढं बारीक वाचता आलं नव्हतं. नागसेननी बटन सरकवलं, ॲम्प्लिफायर लावला, सुई पुन्हा टेकवली, आणि हॉल आवाजानं भरून गेला.

कोणीतरी घाईघाईनं, नाकातून, चिरक्या आवाजात वाचत होतं. पोर वाचत आहे की बाई, तेही कळेना. "महोदय, काटोल येथून दिनांक चौदा रोजी रवाना केलेल्या संत्र्यांच्या पेट्या आपल्या ठिकाणी विलंबाने पोहोचल्याचे आपण कळविले आहे..." असं ते चाललं होतं. वाक्याच्या मध्येच आवाज म्हणाला, "एक." मग पत्र पुढे सुरू. बऱ्याच वेळानं, पुन्हा मध्येच, "दोन."

"संत्र्याच्या पेट्यांचं पत्र रेकॉर्डवर काहून वाचते कोणी?" नागसेन चक्रावून म्हणाले. "आणि हे एक-दोन काय आहे?"

विचारता विचारता त्यांनी मागे वळून पाहिलं. शोभाताईंचं शेंगा सोलणं थांबलं होतं. डाव्या हातात शेंग तशीच होती आणि उजव्या हाताची तर्जनी मांडीवर, साडीच्या कापडावर भराभर फिरत होती. रेघा, बाक, ठिपके. त्यांचं स्वतःचं तिकडे लक्षही नसावं.

"डिक्टेशन आहे," त्या म्हणाल्या. "सरावाचं. परीक्षेच्या आधी आम्ही असंच घेत होतो. मले पेन्सिल द्या."

"पेन?"

"पेन नाही. पेन्सिल. आणि ते पहिल्यापासून लावा."

त्यांनी दुधाच्या हिशेबाची वही ओढली, कोरं पान काढलं, खुर्चीत ताठ बसल्या. नागसेननी सुई उचलून सुरुवातीला ठेवली. चिरका आवाज म्हणाला, "उतारा पहिला. गती ऐंशी." आणि पत्र सुरू झालं.

पहिलं मिनिटभर शोभाताईंचा हात पाण्यासारखा वाहिला. नागसेन तबकडी विसरून तो हात पाहत होते. दुसऱ्या मिनिटाला कपाळावर आठी आली. तिसऱ्याला ओठ घट्ट मिटले. चौथ्याच्या अर्ध्यात पेन्सिल एकदम थांबली, हवेत राहिली, आणि पत्र त्यांना मागे टाकून निघून गेलं.

त्यांनी वही मिटली. पुन्हा खाली बसून शेंगा ओढल्या.

"काय झालं?"

"काही नाही. गेलं ते. ऐंशी म्हणजे शिकणाऱ्यायची गती. मी एकशे वीसची परीक्षा पास झालेली बाई. मंत्रालयातून साहेब आले की मलेच बोलवत होते." एक शेंग नखानं उघडली, पण दाणे काढायला त्या विसरल्या. "शेवटची नऊ वर्षं कोणी डिक्टेशन दिलंच नाही. साहेब मोबाइलमध्ये बोलत, मी टाइप करत होते. हात तरी किती दिवस वाट पाहीन?"

नागसेनना काहीतरी चांगलं बोलायचं होतं. पण चांगलं बोलणं त्यांना कधी वेळेवर सुचत नसे. प्रश्न मात्र सुचत.

"ऐंशी म्हणजे मिनिटाले ऐंशी शब्द ना?"

"हाव."

"आणि ते मधात एक, दोन म्हणते ते?"

"वाचणारा दर मिनिटाले सांगते. एक मिनिट झालं, दोन मिनिटं झाली. शिकणाऱ्याले समजावं म्हणून."

नागसेन उठले. कपाटातून त्यांनी आपलं स्टॉपवॉच काढलं. निरोपसमारंभात लॅबच्या लोकांनी तेच एका डबीत घालून त्यांना परत दिलं होतं. त्यांनी सुई ठेवली आणि आवाजानं "एक" म्हणताच बटन दाबलं. "दोन" म्हणताच पुन्हा दाबलं.

चव्वेचाळीस सेकंद.

"शोभा, हे मिनिट चव्वेचाळीस सेकंदाचं आहे."

"वाचणाऱ्याची चूक असंल. घाई झाली असंल त्याले."

नागसेननी दोन ते तीन मोजलं. चव्वेचाळीस. तीन ते चार मोजलं. चव्वेचाळीस आणि थोडं. त्यांच्या चेहऱ्यावर जो भाव आला तो शोभाताईंनी फार वर्षांपूर्वी पाहिला होता. लग्न नवीन असताना एका शेजाऱ्याचा मीटर बंद घरातही फिरत होता आणि हे दोन दिवस त्याचं कारण शोधत होते, तेव्हा.

"माणूस चुकते तेव्हा कधी कमी चुकते, कधी जास्त चुकते," नागसेन म्हणाले. "दर वेळी सारखं चुकत नाही. सारखी चूक मशीनची असते."

त्यांनी कागदाची चिठ्ठी फाडली, थुंकीनं ओली करून तबकडीच्या मधल्या कागदाच्या कडेशी चिकटवली आणि घड्याळ लावून फेरे मोजले. एका मिनिटात पंचेचाळीस. मग चष्मा हातानं डोळ्यांशी धरून खटका वाचला. खटका पंचेचाळिसावर होता. दुसऱ्या बाजूला तेहेतीस आणि एक तृतीयांश असं लिहिलेलं होतं. दुकानात फिरत होती ती लहान तबकडी होती. ही ताटाएवढी.

"हात् तुझ्या! हे मोठे तवे हळू फिरवाचे असतात. मी कालपासून याले हातच लावला नाही."

खटका त्यांनी तेहेतिसावर नेला. तबकडी अंग सैल सोडल्यासारखी मंदावली. सुई टेकवली. आणि एका बाईचा आवाज आला, भारदस्त, स्वच्छ, जराही घाई नसलेला. प्रत्येक शब्द ती समोरच्याच्या हातात देत असावी तसं वाचत होती. "महोदय, काटोल येथून..."

दोघंही एकमेकांकडे पाहून हसायला लागले. इतका वेळ त्या बिचाऱ्या बाईला त्यांनी पोर ठरवलं होतं.

पण नागसेनचं अजून संपलं नव्हतं. पेपरच्या कोपऱ्यावर ते काहीतरी मांडत होते. गुणाकार झाला, त्यांनी तो पुन्हा तपासला, मग पेपर शोभाताईंपुढे धरला.

"तू ऐंशीनं नव्हती लिहून राहिली. एकशे आठनं लिहून राहिली होती."

"एकशे आठ?"

"हाव. बिना सरावाची. नऊ वर्षांच्या वर झाल्यावर. दुधाच्या वहीत."

शोभाताईंनी पेपर हातात घेतला. आकडेमोड त्यांनी दोनदा पाहिली. नवऱ्याच्या बोलण्यावर त्यांचा विश्वास नसे असं नाही, पण हा आकडा स्वतः पाहायचा होता. मग शेंगांची टोपली पायानं बाजूला सारून त्या खुर्चीत बसल्या.

"लावा परत."

या वेळी कपाळावर आठी आली नाही. मधूनमधून त्या थांबून आवाजाची वाट पाहत होत्या. पाचव्या मिनिटाला उतारा संपला तेव्हा त्यांनी खाली एक रेघ ओढली आणि लिहिलेलं मोठ्यानं वाचून दाखवलं. पेट्या कशा उशिरा पोचल्या, त्यातल्या किती फळांना डाग पडला, व्यापाऱ्याची तक्रार कशी रास्त नाही, पुढच्या खेपेला गवत जास्त घालू. एक शब्द चुकला नाही.

नागसेन वहीकडे पाहत होते. रेघा आणि बाक, एवढंच दिसत होतं. अशा खुणा त्यांनी घरभर पाहिल्या होत्या. किराण्याच्या यादीवर, कॅलेंडरवर, लग्नपत्रिकांच्या मागे. संसाराच्या तेहेतीस वर्षांत एकदाही त्यांनी विचारलं नव्हतं, की हे काय आहे. बायकोच्या ऑफिसातली गोष्ट आहे, एवढंच ते धरून चालले होते. मीटरच्या पोटात डोकं घालणाऱ्या माणसानं ही वही कधी उघडून पाहिली नव्हती, याचं त्यांना आता नवल वाटलं आणि थोडी लाजही.

"माझं नाव कसं लिहितात याच्यात?"

शोभाताईंनी त्यांच्याकडे जरा निरखून पाहिलं. "खरंच पाहाचं आहे?"

"हाव."

त्यांनी चार हालचालींत एक खूण काढली. "न, ग, स, न. काना-मात्रा गाळल्या तरी चालते. नुसत्या व्यंजनांवर ओळखायचं."

नागसेननी पेन्सिल घेतली आणि जीभ दातांत धरून तशीच खूण काढली. शोभाताई वाकून पाहू लागल्या आणि एकाएकी खो-खो हसत सुटल्या. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या.

"काय झालं?"

"ही रेघ जाड पाहिजे. जाड म्हणजे ग, बारीक म्हणजे क. म्हणूनच पेन चालत नाही, पेननं दाबता येत नाही."

"मंग मी काय लिहिलं?"

"नुकसान."

नागसेन खूण पाहत राहिले. मग तेही हसले. त्यांनी दुसऱ्यांदा काढली, तिसऱ्यांदा काढली, दाबून. तिसरी पाहून शोभाताई म्हणाल्या, "आता वाचता येते." कोणत्या व्यंजनाची रेघ कोणती, ती कुठून सुरू करायची, उभी काहून आणि आडवी काहून, हे सगळं ते विचारत गेले आणि त्या सांगत गेल्या. सांगताना त्यांचा आवाज बदलला होता, ऑफिसात नव्या मुलींना शिकवताना बदलत असेल तसा. हिवाळ्याचं ऊन दारातून आत येऊन स्पीकरपर्यंत पोचलं होतं. तबकडी आपली रिकामीच फिरत होती, सुई शेवटच्या खाचेत खट् खट् करत होती.

"दुसऱ्या बाजूले काय असंल?" नागसेननी विचारलं.

"वरच्या गत्या असतील. शंभर. एकशे वीस."

"पाहाचं का?"

शोभाताईंनी पेन्सिलीचं टोक अंगठ्यावर तपासलं. ते बोथट झालं होतं. स्वयंपाकघरातून सुरी आणून त्यांनी ते तासलं आणि नवं पान काढलं.

"सुई मी ठेवते," त्या म्हणाल्या. "तबकडी खराब तर नाही ना होणार?"

"नाही होत. ही लहान दांडी खाली कर, सुई आपोआप हळूच उतरते."

नागसेननी सुई उचलून बाजूला केली. शोभाताईंनी तबकडी उलटी केली, कडांना धरून, पुरीसारखी अलगद. खटका कुठे आहे ते एकदा स्वतः वाचून घेतलं. लहान दांडी खाली केली आणि लगबगीनं खुर्चीत येऊन बसल्या.

"उतारा पहिला," रेकॉर्डवरची बाई म्हणाली. "गती एकशे वीस."

शंभरचा टप्पा नव्हताच. शोभाताईंनी "बाप्पा" म्हणून नागसेनकडे पाहिलं, पण तोवर वाचन सुरू झालं होतं, आणि त्यांचा हात निघाला. नागसेन शेजारी बसून स्टॉपवॉच न लावता नुसते पाहत होते. दुसऱ्या मिनिटाला दोन शब्द सुटले. त्यांनी तिथं कोरी जागा सोडली आणि न थांबता पुढे गेल्या. तिसऱ्या मिनिटाला आणखी एक सुटला.

उतारा संपला तेव्हा वहीत पाच कोऱ्या जागा होत्या. शोभाताईंनी त्या पेन्सिलीच्या टोकानं मोजल्या, बोटं दोनदा उघडली-मिटली, आणि नजर वर न करता म्हणाल्या,

"परत लावा."

नागसेन उठले. शेंगा तशाच पडल्या होत्या. रात्री सोलेभात होणार नाही, खिचडी होईल, हे त्यांनी ओळखलं, आणि सुई उचलली.